विश्लेषण : गाडीच्या मागे बाईक लादून नेता येते का? हिच कॅरिअर घेण्याआधी हे हिशेब करा

परदेशातल्या व्हिडीओत एसयूव्हीच्या मागे आडवी बांधलेली मोटरसायकल आपण सर्रास पाहतो. असा ‘हिच कॅरिअर’ आता आपल्याकडेही ऑनलाइन मागवता येतो, किंवा ओळखीचा फॅब्रिकेशनवाला तो बनवून देतो. पण तो आपल्या गाडीला पेलतो का, रस्त्यावर चालतो का आणि त्याऐवजी दुसरा कोणता मार्ग आहे?

प्रश्न कुठून सुरू होतो?

खारघरची नवी सेक्टरे जिथे ओवे गावाला येऊन भिडतात, तिथल्या एखाद्या घरातले हे नेहमीचे चित्र समजा. मुलाला पुण्यात हिंजवडीला नोकरी लागली आहे. तिथे ये-जा करायला त्याला त्याची 350 सीसीची बाईक हवी आहे. दिवस पावसाळ्याचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने बाईक चालवत न्यायची तर खोपोलीमार्गे जुना रस्ता, म्हणजे धुके, निसरडे वळण आणि ट्रकची रांग. आईचा त्याला विरोध. वडिलांकडे इनोव्हासारखी मोठी गाडी आहे. मग कुणीतरी सुचवते, ‘गाडीच्या मागे कॅरिअर लावू, बाईक त्यावर बांधू आणि सगळे मिळून एक्स्प्रेस वेने दोन तासांत पोहोचू.’

कल्पना सोयीची वाटते. द्रुतगती मार्ग सुरू होतो तो कळंबोलीत, म्हणजे ओव्यापासून अगदी जवळ. संपतो किवळ्याला, तिथून हिंजवडी लांब नाही. पण ही कल्पना अमलात आणण्याआधी चार गोष्टी तपासाव्या लागतात : कॅरिअरची क्षमता, गाडीची क्षमता, कायदा आणि विमा. या चारपैकी एकीचे उत्तर जरी ‘नाही’ आले, तरी बेत सोडून द्यावा.

हिच कॅरिअर म्हणजे नेमके काय?

गाडीच्या मागच्या बंपरखाली चासिसला पक्का बोल्ट केलेला पोलादी आडवा दांडा असतो. त्याच्या मध्यभागी चौकोनी पोकळ तोंड असते. त्याला ‘रिसीव्हर’ म्हणतात. या संपूर्ण जोडणीला ‘हिच’ म्हणायचे. ट्रेलर ओढण्यासाठी ती मुळात तयार झाली. मोटरसायकल कॅरिअर म्हणजे याच तोंडात घुसवून पिनने अडकवायचा एक दांडा आणि त्यावर आडवे बसवलेले लांब पन्हाळे. बाईकची दोन्ही चाके या पन्हाळ्यात बसतात आणि बाईक पट्ट्यांनी आवळली जाते. कॅरिअरला स्वतःची चाके नसतात. बाईकचा पूर्ण भार गाडीच्या पार्श्वभागावर अधांतरी लटकतो.

ट्रेलर आणि कॅरिअर यांतला मूळ फरक इथेच आहे. ट्रेलरचे बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते. हिचवर त्याचा साधारण दहा टक्केच भार उभा येतो. म्हणून ‘ही हिच एक टन ओढते’ असे विक्रेता सांगत असेल, तर ती हिच एक टन उचलूही शकते असा अर्थ होत नाही. तिची उभा भार पेलण्याची क्षमता शंभर किलोही नसू शकते. कॅरिअरसाठी आपल्याला हा दुसरा, उभ्या भाराचा आकडा हवा असतो.

हिचचे वर्ग कोणते?

अमेरिकेत हिचचे वर्ग ठरलेले आहेत. वर्ग 1 आणि 2 चे तोंड सव्वा इंचाचे असते. वर्ग 1 चा उभा भार सुमारे 90 किलो, तर वर्ग 2 चा सुमारे 160 किलो. वर्ग 3 चे तोंड दोन इंचांचे असते आणि त्याची उभ्या भाराची क्षमता साधारण 225 ते 360 किलो. मोटरसायकलसाठी वर्ग 3 च्या खाली जाऊ नये, असा तिथला सर्वसाधारण दंडक आहे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या पिकअप ट्रकला अशी हिच बहुधा कारखान्यातूनच लागून येते. त्यामुळे त्यांचा अनुभव आपल्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

कॅरिअरचीही स्वतःची क्षमता असते. परदेशी बनावटीच्या कॅरिअरवर ती पौंडांत लिहिलेली असते : 400, 500 किंवा 600 पौंड. किलोत सांगायचे तर 181, 227 आणि 272. रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चे वजन 195 किलो आहे. म्हणजे 400 पौंडांच्या कॅरिअरवर ती बसतच नाही. आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नका. पौंडांना 2.2 ने भागा आणि मगच आपल्या बाईकच्या वजनाशी ताडून पाहा. बाईकचे वजनही ‘कर्ब वेट’ म्हणजे तेल-पेट्रोलसह असलेलेच धरा. क्रॅश गार्ड, सॅडल बॅग, टॉप बॉक्स हे त्यावर आणखी मिळवा.

साखळीची ताकद सर्वांत कमकुवत कडीइतकीच असते. कॅरिअर 227 किलोचा, हिच 160 किलोची आणि चासिसवरची जोडणी 100 किलोची असेल, तर तुमची मर्यादा 100 किलो.

गाडीवर प्रत्यक्ष भार किती येतो?

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. 195 किलोची बाईक मागे लावली म्हणजे मागच्या चाकांवर 195 किलो वाढले, असे वाटते. पण बाईक मागच्या चाकांच्याही मागे लटकते. लहानपणी खेळलेला सी-सॉ आठवा. मागचा आस हा टेकू, बाईक एका टोकाला आणि इंजिन दुसऱ्या टोकाला. मागचे टोक दाबले गेले की पुढचे उचलले जाते.

आता आकडे घालू. इनोव्हा क्रिस्टाच्या पुढच्या-मागच्या आसांतले अंतर 2.75 मीटर आहे. बाईक 195 किलो आणि कॅरिअर 35 किलो, मिळून 230 किलो. बाईकचा मध्य मागच्या आसाच्या सुमारे 1.45 मीटर मागे येतो असे धरू.

- मागच्या आसावर वाढणारा भार : 230 गुणिले 4.20 भागिले 2.75, म्हणजे सुमारे 351 किलो
- पुढच्या आसावरून कमी होणारा भार : 230 गुणिले 1.45 भागिले 2.75, म्हणजे सुमारे 121 किलो

वजन लादले 230 किलोचे, पण मागच्या चाकांना जाणवले 351 किलो. स्टिअरिंग आणि ब्रेकचे मुख्य काम करणारी पुढची चाके मात्र 121 किलोने हलकी झाली. ओल्या रस्त्यावर त्याचा अर्थ सरळ आहे : गाडी वळायला आळस करेल आणि थांबायला जास्त अंतर घेईल. हेडलाइटचा झोत वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जाईल तो वेगळाच.

112 किलोची स्प्लेंडर प्लस आणि 30 किलोचा कॅरिअर असा हलका संच घेतला, तरी याच गाडीच्या मागच्या आसावर 217 किलो वाढतात आणि पुढून 75 किलो कमी होतात. हे झाले गाडी उभी असतानाचे. खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आदळताना हाच भार क्षणभर दुप्पट किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. हिचचे बोल्ट आणि वेल्डिंग तुटतात ते अशाच वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी. पहिल्या फेरीत काही झाले नाही म्हणून पाचव्या फेरीची खात्री देता येत नाही.

माझी गाडी हे पेलेल का, हे कसे ओळखावे?

1. मालकाची पुस्तिका उघडा. त्यात ट्रेलर ओढण्याची आणि हिचवरील उभ्या भाराची मर्यादा दिली आहे का ते पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत असा आकडाच नसतो. आकडा नसणे म्हणजे कंपनीने परवानगी दिलेली नाही, असेच समजा. तेच मॉडेल परदेशात किती ओढते, हा आकडा आपल्या कामाचा नाही. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियात विकली जाणारी महिंद्रा स्कॉर्पिओ ब्रेक असलेला 2500 किलोचा ट्रेलर ओढू शकते, असे तिथले तपशील सांगतात. पण तो तिथल्या जोडणीसाठी आणि तिथल्या नियमांखाली दिलेला आकडा आहे, आणि तोही ओढण्याचा.

2. गाडीची बांधणी कोणती ते पाहा. थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा यांना खाली शिडीसारखी स्वतंत्र चासिस आहे. तिला हिच निदान पक्की बोल्ट तरी करता येते. स्विफ्ट, क्रेटा, अर्टिगा यांसारख्या गाड्यांत शरीर आणि चासिस एकच असते. त्यांच्या मागच्या पातळ पत्र्याला दोनशे किलो टांगणे म्हणजे भिंतीऐवजी प्लायवूडच्या फळीला खिळा ठोकून त्यावर गॅस सिलिंडर अडकवण्यासारखे आहे.

3. दारापाशी किंवा बॉनेटखाली असलेल्या कंपनीच्या पट्टीवर गाडीचे कमाल एकूण वजन आणि अनेकदा प्रत्येक आसाची मर्यादाही लिहिलेली असते. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती माणसे, सामान आणि बाईक अशी सगळी मिळून मर्यादा. पाच मोठी माणसे बसली की 325 किलो तिथेच गेले.

4. टायरच्या भिंतीवरचा भार निर्देशांक वाचा. टायरच्या मापानंतर येणारा 88 म्हणजे एका टायरला 560 किलो, 91 म्हणजे 615, 100 म्हणजे 800, 102 म्हणजे 850 किलो. हवा कमी असेल तर ही क्षमताही कमी होते.

5. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या परिसरात ट्रकसाठी काटे आहेत. माणसे-सामानासह गाडी आधी पूर्ण काट्यावर घ्या, मग फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची. मिळालेले तीन आकडे कंपनीच्या पट्टीशी जुळवा. थोडक्या पैशांत जे कळते ते कोणताही विक्रेता सांगणार नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. बंपरमधले छोटे झाकण काढून आत फिरवून बसवायचा जो गोल हूक गाडीसोबत मिळतो, तो बंद पडलेली गाडी आडवी ओढण्यासाठी आहे. त्यावर उभे वजन टांगण्याचा विचारही करू नये. अॅक्सेसरीच्या दुकानात मिळणारे चकचकीत ‘रिअर गार्ड’ही बहुतेक शोभेचे असतात. त्यांवर भारक्षमतेचा आकडा नसेल, तर ती हिच नव्हे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच अधोरेखित केले. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याआधी डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांवरील बुल बार आणि क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. बंपरला जोडलेले लोखंड पादचाऱ्याला घातक ठरते आणि गाडीच्या स्वतःच्या सुरक्षा व्यवस्थेतही अडथळा आणते, हा त्यामागचा विचार. मागे कायमची पुढे आलेली हिच या नजरेतून सुटेल, असे गृहीत धरू नये.

दुसरा मुद्दा बाजूला डोकावणाऱ्या भाराचा. कलम 194 (1-अ) नुसार, गाडीच्या शरीराबाहेर बाजूला किंवा मर्यादेपलीकडे पुढे, मागे वा उंचीला जाणारा भार नेल्यास 20 हजार रुपये दंड आहे. शिवाय तो भार उतरवण्याचा खर्च वेगळा आणि भार नीट लावेपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही. आता मापे पाहा :

- क्लासिक 350 ची लांबी 2145 मिमी, इनोव्हा क्रिस्टाची रुंदी 1830 मिमी : दोन्ही बाजूंना मिळून 315 मिमी बाहेर
- क्लासिक 350 आणि 1917 मिमी रुंदीची स्कॉर्पिओ-एन : 228 मिमी बाहेर
- 2000 मिमी लांबीची स्प्लेंडर प्लस आणि इनोव्हा क्रिस्टा : 170 मिमी बाहेर
- 1833 मिमी लांबीची अॅक्टिव्हा 6जी आणि इनोव्हा क्रिस्टा : जेमतेम बरोबरी

म्हणजे आडवी ठेवलेली जवळजवळ कोणतीही मोटरसायकल आपल्याकडच्या गाडीच्या बाहेर डोकावतेच. बाजूने घासून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गुडघ्याच्या आसपास बाईकचे चाक येते, हे दंडाहून गंभीर आहे.

तिसरा मुद्दा नंबरप्लेट आणि दिव्यांचा. मागे बाईक उभी राहिली की नंबरप्लेट, ब्रेकलाइट, इंडिकेटर यांपैकी काहीतरी झाकले जाणारच. नंबरप्लेट झाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. द्रुतगती मार्गावर आता नंबरप्लेट टिपणारे कॅमेरे आहेत. झाकलेल्या ब्रेकलाइटमुळे मागच्या ट्रकचालकाला तुम्ही थांबताय हेच कळले नाही, तर दंडाची पावती ही सर्वांत किरकोळ गोष्ट ठरेल. परदेशात यासाठी कॅरिअरवर जादा दिव्यांची पट्टी लावतात आणि गाडीच्या वायरिंगमधून तिला प्लगने जोडतात. आपल्याकडे उच्च सुरक्षा नंबरप्लेट अधिकृत केंद्रातूनच मिळते. कॅरिअरवर लावायला तिसरी पाटी दुकानातून रंगवून आणली, तर ती चालत नाही.

मग ट्रेलर? कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. वेल्डिंग करून घेतलेला, नंबर नसलेला ट्रेलर रस्त्यावर आणता येत नाही. शंका असल्यास पनवेलच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-46 च्या कार्यालयात, लेखी विचारणा करावी. ‘कुणी पकडत नाही’ हे उत्तर अपघातानंतर उपयोगी पडत नाही.

विम्याचे काय?

लादलेली बाईक पडून तिचे नुकसान झाले, तर गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळत नाही. कारण ती तुमचीच आणि तुमच्याच गाडीवरची मालमत्ता आहे. मात्र एक कमी माहीत असलेली चांगली गोष्ट आहे. बाईकचा स्वतःचा सर्वसमावेशक विमा असेल, तर रस्ता, रेल्वे वा अंतर्गत जलमार्गाने तिची वाहतूक होत असताना झालेले नुकसानही सहसा त्यात धरलेले असते. पॉलिसीच्या पहिल्या विभागातली ‘ट्रान्झिट’ची ओळ वाचून घ्या. बाईकचा केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर हे संरक्षण नाही.

गाडीच्या बाबतीत, हिचसारखा बदल विमा कंपनीला न कळवता केला असेल आणि अपघाताचा संबंध त्या बदलाशी लागला, तर दावा अडकू शकतो. कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या. उत्तर ‘नाही’ आले तर तिथेच थांबा.

मग कॅरिअर कुणी घ्यावा?

मर्यादित लोकांनी. स्वतंत्र चासिसची गाडी, कंपनीने लेखी दिलेली उभ्या भाराची क्षमता, गाडीच्या रुंदीत मावणारे हलके वाहन, झाकले न जाणारे दिवे आणि नंबरप्लेट आणि विमा कंपनीचा होकार, या पाचही गोष्टी जुळत असतील तरच. आपल्याकडे हा योग क्वचितच जुळतो. परदेशात राहणाऱ्या आणि घेणारच असणाऱ्या वाचकांसाठी निवडीचे मुद्दे असे :

- बाईकच्या वजनापेक्षा कॅरिअरची क्षमता किमान 20 टक्के जास्त असावी.
- दांडा रिसीव्हरमध्ये डुगडुगू नये यासाठी आवळणारी कडी सोबत असावी. एकाच दांड्यावर तोललेली बाईक वळणावर झोके घेते आणि त्याच झोक्यांनी वेल्डिंग थकते.
- पोलादी कॅरिअर जड पण मजबूत. अॅल्युमिनिअमचा हलका, पण त्याची क्षमता नीट वाचावी.
- बाईकचे चाक गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ नये. लांबच्या प्रवासात गरम धुराने टायर वितळल्याची उदाहरणे परदेशात आहेत.
- जमिनीपासूनची उंची पाहावी. उतारावरून सपाटीला येताना किंवा गतिरोधकावर कॅरिअरचे टोक घासते.
- चढवण्यासाठी रॅम्प सोबत मिळतो का आणि तो कॅरिअरला अडकतो का, हे पाहावे.

बाकीच्यांसाठी पर्याय कोणते?

छोटा टेम्पो : टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, 2005 मध्ये आला आणि अशा कामांचे चित्रच पालटले. त्याच्या हौद्याची लांबी सात फुटांहून किंचित जास्त असते. त्यात 350 सीसीची बाईक सरळ उभी मावते, त्याहून लांब असेल तर तिरकी. भार दोन्ही आसांच्या मध्ये येतो, दिवे-नंबरप्लेट उघडे राहतात आणि टेम्पोवरची बाईक हे सामान असल्याने द्रुतगती मार्गाचा प्रश्नही येत नाही. कळंबोली, तळोजा, खारघर भागात असा टेम्पो सहज मिळतो. परतीचे भाडे धरले आहे का, टोल कुणाचा आणि चढवायला-उतरवायला माणूस देणार का, हे आधी ठरवा. परतीला रिकामा जाणारा टेम्पो मिळाला तर भाडे बरेच खाली येते.

ट्रान्सपोर्ट कंपनी : लांबच्या, दुसऱ्या राज्यातल्या प्रवासासाठी ही सोय बरी. पावतीवर बाईकचा नंबर, किलोमीटर रीडिंग आणि पोहोचण्याची तारीख लिहून घ्या. चारही बाजूंनी फोटो आणि एक व्हिडीओ काढा. ‘इन्शुरन्स’ म्हणून वेगळे पैसे घेतले जात असतील, तर पॉलिसीची प्रत मागा. प्रत नसेल तर तो फक्त पावतीवरचा शब्द आहे.

रेल्वे : तिकीट असेल तर बाईक लगेज म्हणून त्याच गाडीने नेता येते, तिकीट नसेल तर पार्सल म्हणून पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, हा नियम पक्का. आरसी, ओळखपत्र यांच्या प्रती लागतात आणि बाईकला चांगले गोणपाटाचे वेष्टण करावे लागते. पार्सल प्रत्येक स्थानकावर उतरवले जात नाही. म्हणून आपल्या स्थानकावर ही सोय आहे का, हे पार्सल कार्यालयात आधी विचारा.

मित्राची पिकअप : व्ही-क्रॉससारख्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो. बाईक तिरकी ठेवावी लागते किंवा मागचे झाकण उघडे ठेवावे लागते. झाकण उघडे ठेवले की पुन्हा बाहेर डोकावणाऱ्या भाराचा नियम लागू होतो.

बाईक बांधायची कशी?

मार्ग कोणताही असो, बाईक नीट बांधली नाही तर सगळे व्यर्थ. सुतळी किंवा नायलॉनची दोरी ओली झाली की सैल पडते. रॅचेटचे चार पट्टे घ्या, प्रत्येकावर भारक्षमता लिहिलेली असावी.

- दोघांशिवाय बाईक चढवू नका. इंजिन चालू करून रॅम्पवर बाईकवर बसून चढणे टाळा. हाताने ढकला.
- पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवा, हँडल सरळ ठेवा.
- पुढचे दोन पट्टे हँडलच्या मुठींना नव्हे, तर हँडल जिथे फोर्कला जोडलेले असते तिथे मऊ फास घालून बांधा. ते पुढे आणि बाहेर असे तिरके ताणा.
- फोर्क साधारण निम्मा दबेपर्यंतच ताणा. पूर्ण दाबला तर ऑइल सील जाते. सैल ठेवला तर खड्ड्यात बाईक उसळून पट्ट्याचा हूक निसटतो.
- मागचे दोन पट्टे चासिसला बांधा. सायलेन्सर, इंडिकेटर, साइड गार्ड यांना नको.
- बाईक स्टँडवर उभी करून बांधू नका. धक्क्याने स्टँडच वाकतो. चाकांवर उभी ठेवून गिअरमध्ये टाका.
- टाकीत पेट्रोल कमीत कमी ठेवा.
- निघाल्यावर 15-20 किलोमीटरवर थांबून चारही पट्टे पुन्हा तपासा. घाट सुरू होण्याआधी आणखी एकदा.

मग त्या घराने काय करावे?

ओव्यातल्या त्या घराचा हिशेब आता सरळ आहे. त्यांच्या गाडीच्या पुस्तिकेत उभ्या भाराचा आकडा नाही. बाईक दोन्ही बाजूंनी मिळून फूटभर बाहेर येते. घाटात पुढची चाके 121 किलोने हलकी असतील आणि आत घरची माणसे बसलेली असतील. कॅरिअर, हिच, जोडणी आणि दिव्यांची वायरिंग या सगळ्यावर होणारा खर्च एकदाच्या कामासाठी आहे. त्याऐवजी छोटा हत्ती करावा, चार पट्टे विकत घ्यावेत, बाईक आपल्या हातांनी बांधावी आणि आपण मागून गाडीने जावे. पट्टे पुढेही कामाला येतात.

मुलाला बाईक चालवतच न्यायची असेल, तर पावसाचा जोर कमी झाल्यावर, दिवसा उजेडी, चांगले टायर आणि ब्रेक तपासून, जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या घाटातून जाणे हाही कायदेशीर आणि बिनखर्चाचा मार्ग आहे.

आपल्या बाईकचे नुकसान झाले तर ते पैशांत मोजता येते. पण मागच्या आसावर लटकलेले दोनशे किलो सुटले, तर ते पडणार मागून येणाऱ्याच्या समोर. त्याने ना हा कॅरिअर निवडलेला असतो, ना पट्टे बांधलेले असतात. म्हणून बोल्ट किती पक्का आहे हे विचारताना, त्यामागे कोण चालले आहे हेही एकदा आठवावे.